ज्याचा टाळ थांबत नाही

दिंद्रुडची एक टोळी होती. दिंद्रुड हे बीड जिल्ह्यातलं, माजलगाव तालुक्यातलं गाव. दसरा झाला की इथल्या कित्येक घरांना कुलूप लागतं. 1972 च्या दुष्काळानंतर बीडच्या माणसांची ऊसतोडीची वाट जी रुळली, ती अजून मोडलेली नाही.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या टोळीत असे बारा कोयते होते. टोळीचा मुकादम तरुण होता. आधी त्याचा बाप मुकादम होता. बापाचे गुडघे गेले आणि त्या वर्षी टोळी पोराच्या गळ्यात पडली.

पोराने गाडीमालकाकडून उचल घेतली. कागदावर सही त्याची. ती उचल त्याने बारा घरांत वाटली. कुणी ती लेकीच्या लग्नात घातली, कुणी दवाखान्यात, कुणी किराण्याची उधारी भागवली. आता हंगामभर ऊस तोडायचा आणि उचल फेडायची.

टोळी सांगलीकडच्या एका फडावर उतरली. बायांनी चुली मांडल्या, गड्यांनी राहायला पाचटाच्या कोप्या उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे फडात शिरले.

काम साधं होतं, पण जड होतं. गडी ऊस बुडख्यातून तोडायचा, पाचट सोलायचा, शेंड्याचं वाढं उडवायचा. बाई त्याची मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रॉलीत टाकायची. दोन ट्रॉल्या भरल्या की ट्रॅक्टर काट्यावर जायचा. पैसे वजनावर. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो. वजन घटतं, साखरेचा उताराही घटतो. म्हणून आज तोडलेला ऊस आजच गेला पाहिजे.

तो जात नव्हता.

पहाटे पात, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याच्या सऱ्या, वाटताना भांडण व्हायचं. काही सऱ्यांत ऊस सरळ आणि जाड होता, काही सऱ्यांत वाऱ्याने लोळलेला. लोळलेल्या उसात कोयता अडकतो, कंबर मोडते आणि मोळी मात्र अर्धीच भरते. मुकादमाने विचार केला. गाडी लवकर भरायची तर चपळ गड्यांना सरळ ऊस दिला पाहिजे. तसा त्याने दिला. चपळ गडी पुढे गेले. मागे राहिलेल्यांनी हात सैल सोडले. "आमच्या वाट्याला लोळलेलंच येणार, तर जीव कशाला काढायचा?" असं ते आपसात म्हणायचे. मुकादमासमोर मात्र कुणी काही बोलत नव्हतं.

गाडी अर्धी उभी राहायला लागली. मुकादम बांधावर उभा राहून ओरडायला लागला. तो जितका ओरडायचा, तितकं काम मंदावायचं.

एका बाईला ताप आला. ती तीन दिवस कोपीत निजून राहिली. मुकादमाने तीन खाडे लावले आणि खाड्याचे पैसे त्या कोयत्याच्या नावावर मांडले. चौथ्या रात्री तो कोयता निघून गेला. सकाळी कोपी रिकामी होती. बाराचे अकरा झाले.

गाडीमालकाचा फोन आला. "आठ दिवसांत गाडी वेळेवर भरली नाही, तर मी दुसरी टोळी बघतो. माझी उचल तेवढी परत कर."

मुकादमाने दिंद्रुडला बापाला फोन लावला. बाप म्हणाला, "मला तर उठता येईना. मी आबांना पाठवतो."

आबा गावातले म्हातारे वारकरी होते. तरुणपणी त्यांनीही ऊस तोडला होता. आता हातात कोयता धरवत नव्हता. पण ज्येष्ठात आळंदीहून माउलींची पालखी निघाली की आबा तिच्या सोबत पंढरपूरपर्यंत चालत जायचे. ते एसटीने आले. बरोबर एक पिशवी, टाळांचा जोड आणि एक काठी.

मुकादम म्हणाला, "आबा, बरं झालं आलात. यांना जरा खडसवा."

"कुणाला?"

"सगळ्यांनाच. आळशी झालेत."

"बघतो," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबा फडात हिंडले. एकेका कोयत्याजवळ बसले. प्रत्येकाला त्यांनी एकच विचारलं, "तुझं कुठं अडतंय?"

"कुठं काय, आबा? चाललंय की," प्रत्येकाने हेच सांगितलं. सांगताना प्रत्येकाने एकदा मागे पाहिलं. मागे मुकादम उभा होता.

संध्याकाळी जेवणं उरकली. आबांनी सगळ्यांना कोप्यांपुढच्या मोकळ्या जागेत बोलावलं. "येताना एकेक ताट आणा," ते म्हणाले. माणसं ताट घेऊन बसली. आबा सांगायला लागले.

"माउलींच्या पालखीत लाखो माणसं चालतात. त्या सोहळ्याला शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. त्याला जवळपास दोनशे वर्षं होत आली. संध्याकाळी पालखी तळावर पोचते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळांचा गजर चाललेला असतो. मग चोपदार आपला दंड वर करतो आणि पुकारा करतो. त्यासरशी सगळे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. ती वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जातो. तक्रार ऐकतो. तिचा निवाडा होतो आणि मगच आरती होते. लाखो माणसांत एका दिंडीचा टाळ वाजत असला, तरी सगळा सोहळा थांबून राहतो."

आबांनी काठी मांडीवर घेतली. "आपल्याकडे टाळ एकच आहे. तो मी वाजवतो. तुम्ही ताटं वाजवा. मी काठी वर केली की थांबायचं. ज्याचं काही म्हणणं असेल, त्याने थांबायचं नाही."

ताटं वाजली. आबांनी काठी वर केली. सगळी ताटं थांबली. आबा वाट पाहत राहिले. एकही ताट वाजलं नाही.

"बरं. निजा आता," आबा म्हणाले.

मुकादम खूश झाला. "बघा आबा, कुणाची तक्रार नाही."

"तक्रार आहे," आबा म्हणाले. "भरवसा नाही."

दुसऱ्या संध्याकाळी ताटं पुन्हा वाजली. काठी वर गेली. सगळं थांबलं, पण एक डबा वाजत राहिला. सात-आठ वर्षांची एक पोर डब्याच्या झाकणावर चमचा मारत होती. आईने तिचा हात धरला. "गप्प बस. खेळ नाही हा."

आबा उठले. पोरीपुढे जाऊन उकिडवे बसले. "बोल, माय."

पोर म्हणाली, "तुम्ही सगळे फडात जाता. बाळाला मी सांभाळते. दुपारी ते पाण्यासाठी रडतं. घागर रिकामी असते. विहीर लांब आहे. मला पोहऱ्याने पाणी ओढता येत नाही."

आबा उभे राहिले. "तक्रार ऐकली. आता यावर काय करायचं?"

सगळ्यांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने तोंड उघडलं. आबांनी त्याच्याकडेही काठी वर केली. तो थांबला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. आबाही बोलले नाहीत. शेवटी एक वयस्क बाई म्हणाली, "रोज एका कोयत्याने निघताना दोन घागरी भरून पोरांपाशी ठेवायच्या. पाळी लावू."

"पाणी बायांनीच का आणायचं?" पोरीची आई म्हणाली. "आम्ही तीनला उठतो. भाकरी थापतो. गड्यांनी भरावं."

गडी एकमेकांकडे पाहायला लागले. मग एकजण म्हणाला, "उद्या मी भरतो."

सकाळी पोरांपाशी दोन भरलेल्या घागरी होत्या. हे सगळ्यांनी पाहिलं.

त्याच सकाळी आबा मुकादमाला म्हणाले, "तू आज फडात उभा राहू नकोस. कारखान्यावर जा. आपल्या गाडीचा नंबर कधी लागतो, ते नीट विचारून ये. ते या माणसांना विचारता येत नाही. तुला येतं."

तिसऱ्या संध्याकाळी काठी वर गेली आणि तीन ताटं वाजत राहिली.

पहिलं ताट फळीचं होतं. एक बाई म्हणाली, "ट्रॉलीला फळी एकच. डोक्यावर मोळी घेऊन आम्ही अकरा जणी खाली रांगेत उभ्या. मान मोडते आणि वेळही जातो." सगळ्या बायांनी माना हलवल्या. मुकादम चकित झाला. तो रोज बांधावरून गाडीकडे पाहायचा. त्याला रांग दिसत होती. रांगेतल्या माना दिसत नव्हत्या. दुसरी फळी गाडीमालकाकडून आणायची होती. ती आणायचं त्याने कबूल केलं.

दुसरं ताट पातीचं होतं. "लोळलेला ऊस रोज आम्हालाच," एक गडी म्हणाला.

"मग चिठ्ठ्या टाका," दुसरा म्हणाला.

"चिठ्ठीतही रोज माझ्याच नशिबी लोळलेला आला, तर?"

बोलणं बराच वेळ चाललं. आबा मध्ये पडले नाहीत. दोघे एकदम बोलायला लागले की ते काठी तेवढी वर करायचे. अखेर ठरलं ते असं. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकायच्या. मग रोज पात एकेक जागा सरकवायची. आज जो पहिला, तो उद्या दुसरा. सगळ्यांना सरळ ऊस आणि सगळ्यांना लोळलेला ऊस.

तिसरं ताट खाड्याचं होतं. ते वाजवणारी बाई जमिनीकडे पाहत म्हणाली, "जिला ताप होता, तिच्यावर खाडे लागले. ती गेली. उद्या मी आजारी पडले, तर मी कुठं जाऊ?"

"आता यावर काय करायचं?" आबांनी विचारलं.

ठरलं की कुणी आजारी पडलं तर त्याची पात बाकीच्यांनी वाटून घ्यायची. तीन दिवस तसं चालवायचं. पुढं लागलं तर पुन्हा बसून ठरवायचं.

मुकादम घाबरला. "आबा, मग रोज कुणीतरी आजारी पडेल."

"मला काय सांगतोस? त्यांना विचार."

वयस्क बाई हसली. "भाऊ, कोण खोटं निजलंय, ते आम्हाला तुमच्या आधी कळतं."

दोन दिवस नवी पद्धत चालली. तिसऱ्या दिवशी अडलं. लोळलेला ऊस एका कोयत्याला दिवसात उरकत नव्हता आणि त्याच्यासाठी गाडी थांबत होती. संध्याकाळी ताट वाजलं. पुन्हा बसणं झालं. ठरलं की ज्याची पात आधी उरकेल, त्याने लोळलेल्या पातीत शिरायचं. चपळ गडी आता आपल्या पातीतून निघून थेट तिकडे जायला लागले. गाडी दुपारी भरून निघायला लागली.

मुकादमाने आबांना विचारलं, "तुम्ही एकही उपाय सांगितला नाहीत. मग हे झालं कसं?"

आबा म्हणाले, "मला उपाय ठाऊकच नव्हता. ज्यांना ठाऊक होता, त्यांना कुणी विचारत नव्हतं."

माघी वारी जवळ आली. आबांनी पिशवी भरली. मुकादमाच्या पोटात गोळा आला. "तुम्ही गेलात की सगळं मोडेल."

"मोडलं, तर मी केलेलं मोडेल. त्यांनी केलेलं मोडणार नाही."

मुकादमाने काठीसाठी हात पुढं केला. आबांनी काठी त्याला दिली नाही. ज्याची पात दुसऱ्या दिवशी पहिली होती, त्या कोयत्याच्या हातात दिली. "ज्याची पात पहिली, त्याच्याकडे त्या दिवशी काठी. घरात गडी आणि बाई दोघं. एका खेपेला त्याने धरायची, पुढच्या खेपेला तिने. काठी फिरती ठेवा. एकाच हातात राहिली, तर तिची छडी होते."

आबा पंढरपूरला गेले.

चार-सहा दिवस नीट चाललं. मग एके दिवशी कारखान्यात बिघाड झाला. ऊस आत ओढणारी गव्हाण थांबली. भरलेल्या गाड्या कारखान्याच्या तळावर अडकल्या. गाडी कधी येईल, ते कारखान्याच्या चिटबॉयलाही सांगता येईना.

मुकादमाची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो ओरडला, "तोडत राहा! गाडी येईल तेव्हा माल तयार पाहिजे!" दिवसभर टोळीने तोडलं. गाडी आली नाही. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला.

संध्याकाळी मुकादम म्हणाला, "आज ताटं नकोत. निजा आणि उद्या पहाटे कोयते घेऊन चला."

कोप्यांमधून एक ताट वाजलं. मग दुसरं. मग सगळी अकरा घरं ताटं घेऊन बाहेर आली. त्या दिवशी काठी त्या लहान पोरीच्या आईकडे होती. तिने काठी वर केली. एकही ताट थांबलं नाही.

ती प्रत्येकापाशी गेली. प्रत्येकाने एकच सांगितलं, "उद्या तोडायचं नाही. आजचाच ऊस वाळतोय."

मुकादम उसळला. "तुमचं काय जातंय? कागदावर सही माझी आहे!"

बाई त्याच्या कोपीत गेली. तिथलं ताट आणि एक चमचा घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवलं. "भाऊ, इतक्या दिवसांत तुमचं ताट कधी वाजलं नाही. वाजवा. आम्ही ऐकतो."

मुकादम बसला. त्याने चमचा उचलला आणि ताटावर मारला. मग तो बोलला. गाडीमालक दिवसातून दोनदा फोन करत होता. जो कोयता निघून गेला, त्याची उचल आता मुकादमाकडून मागत होता. दिंद्रुडचं घर मुकादमाने त्यापायी गहाण टाकलं होतं. बापाला अजून सांगितलं नव्हतं.

टोळीला यातलं काही माहीत नव्हतं.

बाईने काठी खाली केली आणि सगळ्यांना विचारलं, "आता यावर काय करायचं?"

एक म्हातारा गडी म्हणाला, "गेलेला कोयता माझ्या पाहुण्यातला आहे. ते उचल बुडवायला गेले नाहीत. खाड्याला भिऊन गेले. खाडे माफ करा. मी फोन लावतो."

मुकादम म्हणाला, "माफ. सांगा त्यांना. मी स्वतः बोलतो."

"आणि उद्या?"

"उद्या तोडायचं नाही," मुकादम म्हणाला. "मी पहाटेच कारखान्यावर जाऊन बसतो. गव्हाण सुरू झाली की फोन करतो. फोन आला की तोडायला लागा."

दुसऱ्या दिवशी टोळीने कोयत्यांना धार लावली. कोप्या शाकारल्या. बायांनी वाढ्याचे भारे बांधून गावात वैरणीला विकले. रात्री फोन आला. टोळी पहाटे दोनला फडात शिरली आणि सकाळी ताजा ऊस गाडीत चढला. शेजारच्या फडातल्या टोळ्यांनी आधीच तोडून टाकलेला ऊस वाळला होता. काट्यावर त्यांचं वजन घटलं. दिंद्रुडच्या टोळीचं फक्त त्या एका दिवसाचं घटलं.

चार दिवसांनी गेलेला कोयता परत आला. अकराचे पुन्हा बारा झाले.

एप्रिलमध्ये हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला. टोळी दिंद्रुडला परतली. हिशोब झाला. दहा घरांची उचल फिटली होती. दोन घरांची थोडी राहिली, ती पुढच्या हंगामावर गेली. मुकादमाने घर सोडवलं.

पुढच्या दसऱ्याच्या आधी दुसरा एक मुकादम त्याच्याकडे आला. "माझी टोळी दरसाल फुटते. तू टोळी हाकतोस तरी कशी?"

"हाकत नाही," तो म्हणाला. "संध्याकाळी ऐकतो. त्यांचं त्यांना ठरवू देतो. त्यांच्या हातात नसलेलं जे असतं, ते सकाळी जाऊन करून आणतो."

बोध : कामातली अडचण आणि तिच्यातून निघायची वाट, दोन्ही काम करणाऱ्यालाच ठाऊक असतात. त्याला त्या न भिता सांगता याव्यात, एवढी जागा राखणं हे पुढाऱ्याचं काम.